एकट्याने बांधलेला गड : साताऱ्याकडचे चार दिवस

पाडवा, २२ ऑक्टोबर

दर दिवाळीत भाऊबिजेसाठी सांगलीहून साताऱ्याला ताईकडे जाणे हा आमच्या घरात ठरून गेलेला प्रवास आहे आणि अशा प्रवासाचे वर्णन लिहायला सहसा कोणी बसत नाही. यंदा ते लिहायला घेतले, त्याला कारण भाच्याने नवरात्रात पाठवलेला एक फोटो. फोटो धूसर होता. भाताच्या खाचरापलीकडे एक काळा बुरूज, त्यावर भगवा आणि बुरुजाच्या पायाशी पाठमोरी उभी असलेली एक शेळी, एवढेच त्यात दिसत होते. खाली प्रश्न होता, "मामा, गड ओळख." मी तीन गडांची नावे सांगितली आणि तिन्ही चुकली. मग उत्तर आले, "हा एका आबांनी बांधलाय, एकट्याने."

म्हणून या वेळी फराळाच्या डब्यांच्या जोडीला कॅमेरा, दोन लेन्स आणि ट्रायपॉड असे ओझे घेऊन निघालो. एसटीला सणाची गर्दी होती, कराडपर्यंत उभा होतो, पण त्यात सांगण्यासारखे काही नाही.

ताईच्या अंगणात भाच्याचा स्वतःचा किल्ला तयार होता. विटा आणि दगडांचा सांगाडा, त्यावर पोती, पोत्यांवर चाळलेल्या लाल मातीचा गिलावा, उतारावर पेरलेले हळीव चांगले दोन बोटे उगवलेले, सिंहासनावर महाराज, पायथ्याशी भाजी विकणारी मातीची बाई आणि सलाईनच्या नळीतून उडणारे कारंजे. सातारा-सांगलीकडे वाढलेल्या माणसाला हे वर्णन सांगावे लागत नाही. आम्हीही असेच किल्ले केले, तुळशीचे लग्न झाले की ते मोडले आणि पुढच्या वर्षी पुन्हा केले. आबांच्या गडाची सुरुवातही अशाच एका किल्ल्यापासून झाली, असे भाचा सांगत होता. फरक इतकाच, की तो मोडायचा राहून गेला.

रात्री ताईच्या हातचे अनारसे आणि मी आणलेले सांगलीचे भडंग यांच्या साक्षीने दुसऱ्या दिवसाचा बेत ठरला. खरा गड आधी पाहायचा आणि आबांचा नंतर, म्हणजे तुलना डोळ्यांत ताजी राहील. दाजींनी मोटारसायकलची किल्ली दिली आणि ताईने ओवाळणीला सातच्या आत घरी येण्याची ताकीद.

भाऊबीज, २३ ऑक्टोबर

पहाटे साडेपाचला भाच्याला मागे बसवून अजिंक्यताऱ्यावर गेलो. गाडीरस्ता दरवाजाजवळ पोचतो, त्यामुळे साताऱ्यातली बरीच मंडळी इथे रोज फिरायला येतात आणि गडाला तालमीचे आणि बागेचे मिळून एक रूप आले आहे. दरवाजाचे दोन्ही बुरूज अजून भक्कम उभे आहेत. डिसेंबर १६९९ पासून एप्रिल १७०० पर्यंत औरंगजेबाने याच गडाला वेढा घातला होता. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी तो झुंजवत ठेवला आणि मोगलांनी लावलेल्या सुरुंगाने उडालेली भिंत त्यांच्याच माणसांवर कोसळून शेकडो जण गाडले गेले. पुढे १७०८ मध्ये शाहू महाराजांचा राज्याभिषेक साताऱ्यास झाला आणि गावाला राजधानीचा मान मिळाला. हे सगळे मी शाळेत घोकले होते. या खेपेला मात्र आम्ही इतिहास बाजूला ठेवून दगडांचे थर पाहत होतो. सांध्यावर सांधा येऊ दिलेला नाही, खालचे दगड मोठे आणि वर जाता जाता लहान, आणि भिंतीच्या पायाशी ठिकठिकाणी पाणी बाहेर पडायला ठेवलेली भोके.

सूर्य वर आला तेव्हा यवतेश्वरच्या अंगाला धुके साचले होते आणि सज्जनगडाचा माथा त्यातून तव्यासारखा वर तरंगत होता. ज्यांना इथून फोटो काढायचे असतील त्यांनी ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्योदयाच्या अर्धा तास आधी मंगळाई मंदिराच्या बाजूला पोचावे. आठनंतर उजेड सपाट होतो आणि शहरावर धुरकट पडदा येतो.

दहाच्या सुमारास आबांच्या गावाकडे निघालो. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी कोणीतरी या गडाचा व्हिडिओ फिरवला, शिवजयंतीला शे-दीडशे माणसे आली, पोरे तटावर चढली आणि चऱ्यांचे, म्हणजे तटाच्या माथ्यावरच्या कंगोऱ्यांचे, चौदा दगड खाली आले. ते पुन्हा बसवायला आबांना मे महिना लागला. तेव्हा परळी खोऱ्याच्या बाजूला एक गाव, इतके पुरे.

गावाच्या वरच्या अंगाला, जिथे खाचरे संपतात आणि खडकाळ माळ सुरू होतो, तिथे साधारण सहा गुंठ्यांत हा गड आहे. दुरून पाहताना आकाराचा अंदाजच लागत नाही. झाडे नाहीत, माणूस नाही, नुसता काळा तट आणि त्यामागे डोंगर, त्यामुळे डोळा त्याला मैलभर लांबचा मोठा किल्ला समजतो. मग तटामागून पांढरी टोपी वर आली आणि सगळे माप एकदम जाग्यावर आले. तट छातीइतका, कुठे डोक्याइतका. मुख्य बुरूज सोळा फूट. दरवाजा असा, की मला वाकावे लागले नाही पण हात वर करता आला नाही.

आबा पंच्याहत्तरीच्या आसपासचे आहेत. आयुष्यभर गवंडीकाम केले, साताऱ्यातले जुने वाडे उतरवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामांवर बरीच वर्षे गेली. २००९ च्या दिवाळीत नातवाने किल्ला मागितला. अंगणात शेणाचा ढीग होता म्हणून त्यांनी तो माळावर केला, आणि हाताशी माती कमी व दगड अमाप म्हणून दगडाचाच केला. दिवाळीनंतर नातू पुण्याला गेला. किल्ला तिथेच राहिला आणि शेतातून वेचून बांधावर टाकलेल्या दगडांना आबांच्या मनात एक जागा मिळाली. नातू आता नोकरीला लागला आहे, गड अजून चालू आहे.

"बांधला म्हणू नका पाव्हणं," ते पहिल्या पाच मिनिटांतच म्हणाले, "बांधतोय म्हणा. काम संपलं की माणसं बघायला येत्यात, तवर मदतीला येत्यात." मी विचारले, मदतीला कोण येते? "कोण न्हाय," असे म्हणून ते मनापासून हसले.

त्यानंतरचे दोन तास मी फोटो काढले आणि ते जवळजवळ सगळे वाया गेले. उत्साहाच्या भरात रुंद कोनाची लेन्स लावून बुरुजाच्या पायाशी बसलो आणि कॅमेरा वर करून धडाधड फोटो घेतले. मागच्या पडद्यावर आबांना दाखवायला गेलो तर त्यांचा चेहरा उतरला.

"आवं, बुरूज कलला जणू."

मी सांगू लागलो, की कॅमेरा वर उचलला की उभ्या रेषा वर जाताना एकमेकींकडे झुकतात, हा लेन्सचा खेळ आहे, बुरुजाचा दोष नाही. ते ऐकून न ऐकल्यासारखे करत घरात गेले आणि ओळंबा घेऊन आले. माथ्यावर चढून पितळी गोळा सोडला, भाच्याला खाली उभे केले आणि दर दोन फुटांवर दोरी आणि दगड यांमधले अंतर बोटांनी मोजायला लावले. खालून सुरुवात केली तेव्हा अंतर शून्य. दोन फुटांवर एक बोट, चार फुटांवर दोन, सहा फुटांवर तीन. चढत्या अंतराचा आकडा कुठेही चुकला नाही. तेव्हा कुठे त्यांनी गोळा वर ओढला.

"बराबर हाय. ही सलामी मीच दिल्याली. तुमचा फोटू खोटं सांगत न्हाय, जरा जास्त सांगतोय एवढंच."

भिंत वर जाताना मुद्दाम थोडी थोडी आत घेत जायची, म्हणजे आतल्या भरावाचा दाब पेलतो, याला ते सलामी म्हणतात. सकाळी अजिंक्यताऱ्याच्या बुरुजावर हीच गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मला ती दिसली नव्हती.

ज्यांना तटबंदीचे फोटो काढायचे असतील त्यांच्यासाठी या फजितीतून निघालेली गोष्ट अशी. शक्य तितके मागे जावे, कॅमेरा जमिनीशी समांतर धरावा आणि थोडी लांब पल्ल्याची लेन्स वापरावी. मी शेवटी समोरच्या बांधावर साठ-सत्तर फूट मागे जाऊन ८५ मिमीच्या लेन्सने फोटो घेतले, तेव्हा बुरूज ओळंब्याने सांगितला तसा दिसू लागला. दुसरे म्हणजे काळा दगड कॅमेऱ्याला फसवतो. तो त्याला करडा करून टाकतो, म्हणून एक्स्पोजर पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवावे लागते.

ओवाळणीला पोचायला पावणेआठ झाले. ताई बोलली नाही, पण पाट, रांगोळी आणि विझून पुन्हा लावलेले निरांजन पाहून जे समजायचे ते समजले.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

रात्री पाऊस झाला. दिवाळीतला पाऊस इकडे आता नवा राहिलेला नाही, पण भाच्याच्या किल्ल्याचा उत्तरेचा उतार वाहून गेला होता आणि भाजीवाली चिखलात पालथी पडली होती. तो तिला नळाखाली धूत असतानाच मला वाटले, आबांकडे काय झाले असेल?

आबांकडे काहीच झाले नव्हते. उलट ओला झालेला गड आदल्या दिवशीपेक्षा दहापट देखणा दिसत होता. ढगाळ उजेडात सावल्या नव्हत्या, दगड पार काळा झाला होता आणि प्रत्येक सांधा पेन्सिलीने काढल्यासारखा उठून दिसत होता. तटाच्या पायाशी ठेवलेल्या भोकांतून पाण्याच्या बारीक धारा बाहेर येत होत्या. मी एका धारेपाशी बराच वेळ रेंगाळलो. तिच्या तोंडाशी आबांनी कौलाचा तुकडा जिभेसारखा बाहेर काढून बसवला होता, म्हणजे पाणी भिंतीवरून न ओघळता अधांतरी खाली पडावे.

"त्यो फोटू काढा," आबांनी मला उठवून दुसरीकडे नेले, "हितला."

पूर्वेकडच्या तटात साधारण बारा फुटांचा एक पट्टा वेगळा दिसतो. तिथले दगड जरा उजळ आणि थर जरा जाड आहेत. २०२१ च्या जुलैत, कोयना-परळीच्या पट्ट्यात पावसाने कहर केला त्या आठवड्यात, हा भाग एका रात्रीत बाहेर आला होता. चूक त्यांची स्वतःची होती आणि ते ती पाहुण्याला आधी दाखवतात. त्याआधीच्या उन्हाळ्यात कोणाच्या तरी घराच्या कामातली उरलेली सिमेंटची तीन पोती मिळाली, ती वाया जाऊ नयेत म्हणून त्यांनी त्या भागाच्या सगळ्या सांध्यांना दर्जा भरून घेतल्या, म्हणजे फटी सिमेंटने बंद केल्या. दिसायला काम झकास झाले. पण सुक्या बांधकामात सांध्यासांध्यातून झिरपून जाणारे पाणी आत अडकले, भरावाचा मुरूम फुगला आणि भिंत पोट काढून पडली. पडलेले दगड वेगळे करताना सिमेंट छन्नीने खरवडावे लागले, त्याला वर्ष गेले.

आता दरवाजाची कमान आणि बुरुजाचा माथा एवढ्याच ठिकाणी चुना आहे, बाकी सगळे काम सुके. चुनकळी खड्ड्यात विरवून ठेवायची, महिनाभर पाण्याखाली ठेवायची, मग वाळू, गुळाचे पाणी आणि भिजवलेल्या हिरड्याचे पाणी घालून मळायची. मोठ्या गडांवर यासाठी बैलांनी फिरवायची दगडी घाणी असे, कित्येक किल्ल्यांवर तिचे गोल चर अजून दिसतात. आबांकडे पाटा-वरवंटा आहे.

कमानीचे जड दगड वर कसे नेले, हे विचारल्यावाचून मला राहवेना. उत्तर सोपे निघाले. मुरमाचा उतार रचायचा, त्यावर बाभळीचे ओंडके आडवे टाकायचे, पहारीने उटकत उटकत दगड वर घ्यायचा. एक दगड चढवायला कधी कधी चार दिवस. कमानीच्या माथ्यावरचा शेवटचा दगड, ज्याला ते चावी म्हणतात, बसला की खालचे लाकडी सेंटरिंग काढायचे आणि उताराचा मुरूम उचलून बुरुजाच्या पोटात भरायचा. म्हणजे ज्या वाटेने बुरूज चढला ती वाट आता बुरुजाच्या आत आहे.

दुपारी मावशींनी, म्हणजे आबांच्या पत्नीने, जेवायला थांबवले. वाघ्या घेवड्याची आमटी, नाचणीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि इंद्रायणीचा वाफाळता भात. मावशींना गडाबद्दल विचारले तर म्हणाल्या, "बुरूज झाला, दरवाजा झाला, माझं न्हाणीघर तेवढं राहिलंय." आबा भाकरीकडे पाहत राहिले.

जेवणानंतर भाच्याने त्यांना मोबाइलवर इतर देशांतल्या अशा माणसांचे फोटो दाखवले. फ्रान्समधल्या ओतरीव्ह गावचे पोस्टमन फेर्दिनां शेव्हाल यांनी टपाल वाटता वाटता वाटेतले दगड गोळा करून १८७९ ते १९१२ अशी तेहेतीस वर्षे एक महाल बांधला. अमेरिकेत कोलोरॅडोच्या डोंगरात जिम बिशप यांनी पंधराव्या वर्षी साडेचारशे डॉलरला घेतलेल्या जागेवर १९६९ मध्ये दगडी घर बांधायला घेतले आणि त्याचा दीडशे फुटांहून उंच मनोरा असलेला किल्ला झाला. २०२४ मध्ये ते वारले तोवर काम सुरूच होते आणि तिथेही पाहायला पैसे पडत नाहीत. आबांनी शेव्हाल यांचा फोटो लांब धरून नीट पाहिला. "पोष्टमन म्हंजे पगार असणार," ते म्हणाले. बिशप यांच्या मनोऱ्याचा फोटो मात्र त्यांनी दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लोखंड लई वापरलंय. पर सांधा चांगला मोडलाय गड्यानं."

मला सगळ्यात मोलाची वाटलेली गोष्ट गडात नव्हती, त्यांच्या माजघरात होती. एका खुंटीला सुतळ्यांचा जुडगा टांगलेला होता. प्रत्येक सुतळीला गाठी मारलेल्या, काही एकेरी, काही जोड, आणि टोकाला औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली. चिठ्ठ्यांवर नातवाच्या शाळकरी अक्षरात लिहिले होते, प्रतापगड जंगी, सज्जनगड पायरी, अजिंक्यतारा दरवाजा रुंदी. एसटीने जाऊन, सुतळी लावून, गाठ मारून त्यांनी ही मापे आणली होती. बांधताना सुतळी चारपदरी दुमडायची, की चौथाई माप तयार. कागद नाही, आकडेमोड नाही. प्रतापगडाच्या सुतळीवर जंगीचे तिरपे माप वेगळ्या लाल दोऱ्याने दाखवलेले होते, कारण शत्रू खाली उतारावर असतो आणि बंदुकीसाठी ठेवलेले भोक आतून बाहेर खाली झुकते असावे लागते. १६५६ च्या सुमारास मोरोपंत पिंगळ्यांच्या देखरेखीखाली जो गड उभा राहिला, त्याची एक खूण इथे लाल दोऱ्याने खुंटीला टांगली होती. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या १२ किल्ल्यांत प्रतापगड आहे, हे आबांना रेडिओवर कळले होते. "आता मापं घ्यायला सोडत्याल का?" एवढीच त्यांना काळजी होती.

संध्याकाळी आभाळ मोकळे झाले. दिवाळी लागल्यापासून तुळशीच्या लग्नापर्यंत आबा रोज चऱ्यांवर पणत्या लावतात. असे फोटो पूर्ण अंधारात घेऊ नयेत, दिवे दिसतात आणि गड नाहीसा होतो. सूर्य मावळल्यावर पंधरा ते पंचवीस मिनिटे आभाळात निळा उजेड असतो, तेवढाच आपला वेळ. ट्रायपॉड आधीच लावून ठेवावा, आयएसओ १०० ते ४००, अॅपर्चर एफ ८ आणि दोन ते सहा सेकंद. वारा असेल तर पणत्यांची ज्योत फराटा होते, म्हणून दहा-बारा फोटो घ्यावेत, एखादा लागतो. मला दोन लागले. एकात आबा दरवाजाच्या देवडीत बसलेले आहेत, त्यामुळे गडाचे खरे माप कळते. दुसऱ्यात माणूस नाही आणि गड शंभर पट मोठा वाटतो. मला पहिला आवडला. आबांनी दुसरा मागितला.

शनिवार, २५ ऑक्टोबर

निघायच्या दिवशी आबांना घेऊन सज्जनगडावर गेलो, म्हणजे खरे तर तेच आम्हांला घेऊन गेले. समर्थ रामदास १६७६ मध्ये इथे राहायला आले आणि १६८२ मध्ये इथेच त्यांनी देह ठेवला. गाडी वरपर्यंत जाते, पुढे पायऱ्या आहेत आणि त्या आबा माझ्या आधी चढले. पहिल्या दरवाजात भाविकांची रांग पुढे सरकत होती आणि हा माणूस एका पायरीशी उकिडवा बसून खिशातून सुतळी काढत होता. भाच्याने दुसरे टोक धरले. गाठ तंतोतंत जुळली. मागच्या बाईंना वाटले काही हरवले आहे, त्याही शोधू लागल्या.

दरवाजाच्या आतल्या अंगाला आबांनी मला हाताने दगड चाचपायला लावले. बाहेरचे तोंड घडीव आणि गुळगुळीत, आतली बाजू ओबडधोबड ठेवलेली. "दिसंल तिथंच टाकीचं काम. उगा मेहनत वाया घालवाय ते काय येडं न्हवतं." आपल्या दरवाजाला त्यांनी दोन्ही बाजूंनी घडीव काम केले होते आणि आता त्याचा त्यांना थोडा पश्चात्ताप होत असावा.

दर्शन घेतले, दुपारचा महाप्रसाद घेतला. ज्यांना प्रसादाला थांबायचे असेल त्यांनी सकाळी लवकर निघून गड आधी पाहून घ्यावा आणि शनिवार-रविवारी रांगेचा वेळ धरून चालावे. मागच्या कड्यावरून उरमोडीचे पाणी सुरेख दिसते, पण वाऱ्याला जोर असतो, तिथे कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातच ठेवावा. ड्रोन घेऊन येणाऱ्यांनी परवानगीशिवाय तो कुठल्याही गडावर उडवू नये. आबांच्या गडावर तर नकोच, कोंबड्या बिथरतात.

साताऱ्यात उतरून कंदी पेढे घेतले. भाजका खवा, कमी साखर, सांगलीपर्यंत हमखास टिकतात, पण उघडलेला डबा टिकत नाही हा अनुभव.

नंतर

परत आल्यावर आठ फोटो निवडून बारा बाय अठरा इंचाच्या आकारात छापून घेतले आणि भाच्याच्या हाती आबांना पाठवले. पणत्यांचा, माणूस नसलेला फोटो सगळ्यात वर ठेवला होता. तीन दिवसांनी भाच्याच्या मोबाइलवरून फोन आला. मला वाटले, पणत्यांच्या फोटोबद्दल बोलतील.

त्यांनी त्याचे नावही काढले नाही. पावसानंतरच्या सकाळी पूर्वेच्या तटाचा मी समोरून, कॅमेरा अगदी समांतर धरून एक फोटो घेतला होता. काही विशेष नसलेला, नोंदीपुरता. तो त्यांनी पाटावर ठेवून प्रत्येक थरावर फूटपट्टी लावून पाहिली होती. पडून पुन्हा बांधलेल्या पट्ट्याच्या उजवीकडे, जुन्या कामात, तिसरा थर मधोमध खाली बसला होता, फोटोत दोन-तीन मिलिमीटर. जागेवर जाऊन दोरी ताणली तर जवळजवळ दोन बोटे निघाली. गवत वाढलेले असल्यामुळे आणि रोज त्याच बाजूने येणे-जाणे असल्यामुळे ते त्यांना दिसले नव्हते.

"लेन्सचा खेळ न्हाय ना ह्यो?" त्यांनी विचारले.

मी म्हटले, नाही आबा, हा फोटो सरळ आहे.

"व्हय, मला बी तसंच वाटलं. म्हनून सकाळधरनं उतरवाय घेतलाय. आठ फूट जाईल." मागे दगडावर दगड पडल्याचा आवाज आला, तो बहुधा मावशींनी टाकलेला होता, कारण त्यांचा आवाजही लगेच ऐकू आला, न्हाणीघराला दगड लागतील, मोठे बाजूला काढा. आबांनी फोनवर हात ठेवला, काहीतरी उत्तर दिले आणि मला म्हणाले, की होळीच्या आसपास या, आणि येताना ती लांबून फोटो काढायची लेन्सच आणा.